प्रवासाआधीची कोविड चाचणी: अहवाल वाचताना

६ डिसेंबर २०२१ पासून विमानाने अमेरिकेत येणाऱ्या प्रवाशांसाठी कोविड चाचणीचा नियम बदलला. त्याआधी, लसीकरण पूर्ण झालेल्या प्रवाशाला विमान सुटण्याच्या दिवसाआधीच्या तीन दिवसांतली चाचणी चालत असे. त्या दिवसापासून लस घेतलेली असो वा नसो, दोन वर्षे आणि त्यापुढच्या प्रत्येक प्रवाशाची चाचणी एका दिवसाच्या आतली असणे बंधनकारक झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉनला चिंताजनक विषाणू-प्रकारांच्या यादीत घातले ते २६ नोव्हेंबर रोजी, म्हणजे हा बदल घडायला जेमतेम दहा दिवस लागले. बहिणीच्या बाळंतपणासाठी मी आणि आई त्याच महिन्यात अमेरिकेला निघणार होतो, आणि आईला ऑक्टोबरमध्येच कोविड होऊन गेला होता. त्या तयारीत मला जे वाचावे, विचारावे आणि तपासावे लागले, ते इथे नोंदवून ठेवत आहे.

आई पूर्ण बरी झाली होती. ताप नव्हता, खोकला नव्हता, जिने चढताना लागणारी धापही थांबली होती. तरीही प्रवासाआधी खात्री असावी म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही तिची आरटी-पीसीआर चाचणी करून घेतली, आणि ती पॉझिटिव्ह आली. घरात पुन्हा धास्ती पसरली. आई तर स्वतःच्या खोलीचे दार लावून बसली आणि ताट बाहेरच ठेवायला सांगू लागली. अहवालात निष्कर्षाच्या खाली ‘सीटी व्हॅल्यू’ म्हणून चौतिसाच्या आसपासचा एक आकडा होता. त्या आकड्याचा अर्थ आमच्या डॉक्टरांनी ज्या शांतपणे समजावून सांगितला, त्यानंतरच माझे या विषयाचे खरे वाचन सुरू झाले.

करोना विषाणूची जनुकीय सामग्री आरएनए या स्वरूपात असते. आरटी-पीसीआर चाचणीत आधी त्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतात आणि मग यंत्रात तापमान ठरावीक क्रमाने वर-खाली करत त्या प्रतीच्या पुढच्या प्रती काढत जातात. प्रत्येक आवर्तनात प्रतींची संख्या साधारण दुप्पट होते. जितक्या आवर्तनांनंतर यंत्राला संकेत स्पष्ट दिसू लागतो, तितकी सीटी व्हॅल्यू. नमुन्यात विषाणूची सामग्री भरपूर असेल तर संकेत लवकर दिसतो आणि आकडा लहान येतो. सामग्री अगदी थोडी असेल तर पस्तिशीच्या आसपास जावे लागते. या आकड्यात सुमारे ३.३ चा फरक पडला की मूळ सामग्रीत दहापट फरक पडतो, त्यामुळे १८ आणि ३४ हे दोन्ही आकडे ‘पॉझिटिव्ह’ या एकाच शब्दाखाली येत असले तरी त्यांच्या अर्थात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

“तुमच्या आईंच्या नाकात विषाणूचे अवशेष आहेत, जिवंत विषाणू असेलच असे नाही,” असे डॉक्टर म्हणाले. “पीसीआर जिवंत आणि मृत असा भेद करत नाही. बरे झाल्यावर कित्येक आठवडे ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यांना लक्षणे नाहीत, आजार होऊन गेल्याची नोंद आपल्याकडे आहे, तेव्हा त्यांना खोलीतून बाहेर येऊ द्या.” सीटीच्या आकड्यावर फार विसंबू नका, असेही त्यांनी बजावले, कारण वेगवेगळ्या चाचणी-संचांवर आणि वेगवेगळ्या प्रयोगशाळांत निघालेले हे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत आणि नमुना नीट घेतला गेला नसेल तरी आकडा वाढलेला दिसतो.

आईची धास्ती गेली, पण प्रवासाचा प्रश्न तसाच राहिला. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांपुढे डॉक्टरांचे स्पष्टीकरण चालणार नव्हते, तिथे नियमात बसणारा कागदच लागणार होता. म्हणून मी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा, म्हणजे सीडीसीचा, आदेश शब्दशः वाचायला घेतला. तो वाचताना लक्षात आले की चाचण्यांकडे आपण सगळे चांगली, मध्यम आणि कच्ची अशा उतरंडीने पाहतो आणि त्या उतरंडीत आरटी-पीसीआरला सर्वांत वर बसवतो. वास्तविक प्रत्येक चाचणी वेगळा प्रश्न विचारते. विषाणूच्या जनुकीय सामग्रीचा माग नमुन्यात आहे का, हा पीसीआरचा प्रश्न. विषाणूचे प्रथिन आत्ता या घडीला जाणवण्याइतक्या प्रमाणात आहे का, हा अँटिजेन चाचणीचा प्रश्न. शरीराने या विषाणूला किंवा लशीला कधी प्रतिसाद दिला आहे का, हा रक्तातील प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटीबॉडीच्या चाचणीचा प्रश्न. आपण जिथे जाणार तो देश यांतला कोणता प्रश्न विचारतो आहे, एवढे प्रवाशाने नेमके ओळखायचे असते.

सीडीसीच्या आदेशात ‘विषाणूची चाचणी’ अशी अट होती आणि तिच्यात दोन प्रकार धरलेले होते: एक नॅट आणि दुसरी अँटिजेन. नॅट हे एका चाचणीचे नाव नसून न्यूक्लिइक अ‍ॅसिड अ‍ॅम्प्लिफिकेशन टेस्ट या संपूर्ण कुळाचे नाव आहे. आरटी-पीसीआर ही त्या कुळातली सर्वांत परिचित चाचणी. काडतुसासारख्या बंद कप्प्यात नमुना घालून तासाभरात उत्तर देणारी यंत्रेही त्याच कुळातली, आणि तापमान वर-खाली न करता साठ-पासष्ट अंशांवर स्थिर ठेवून प्रती काढणारी लॅम्प ही पद्धतही त्यातलीच. अँटीबॉडी चाचणी मात्र आदेशात कुठेच बसत नव्हती. तरीही ओळखीच्या एका कुटुंबाने ‘आयजीजी’ चा अहवाल जपून ठेवला होता आणि शरीरात प्रतिकारशक्ती आहे म्हटल्यावर अडवणार कशाला, असा त्यांचा समज होता. आयजीजी आणि आयजीएम ही रक्तातील प्रतिपिंडांची नावे आहेत, आणि आज नाकात-घशात विषाणू आहे की नाही हे त्यांवरून कळत नाही. चीनने मात्र नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडे येणाऱ्या प्रवाशांकडून न्यूक्लिइक अ‍ॅसिड चाचणीबरोबर आयजीएमची रक्तचाचणीही मागितली होती, म्हणजे एका देशाने बाजूला ठेवलेला कागद दुसऱ्या देशाला आवश्यक वाटत होता.

सर्वांत जास्त घोटाळा ‘रॅपिड’ या शब्दाने होतो, असे माझे ठाम मत झाले. हा शब्द वेग सांगतो, चाचणीचा प्रकार सांगत नाही. रॅपिड अँटिजेन असते, रॅपिड अँटीबॉडी असते आणि रॅपिड पीसीआरही असते. २०२१ च्या उत्तरार्धात दुबईला जाणाऱ्या काही देशांतल्या प्रवाशांना विमानतळावरच, विमान सुटण्याच्या आधी काही तासांत, रॅपिड पीसीआर करून घ्यावी लागत असे, आणि आधीची ४८ तासांतली पीसीआर वेगळी लागे. अशा वेळी केवळ ‘रॅपिड’ एवढे ऐकून कोणी अँटिजेनचा कागद घेऊन गेले तर त्याचा काही उपयोग नव्हता. चाचणीसाठी वेळ ठरवताना ‘रॅपिड म्हणजे कोणती’ हा प्रश्न मी दर वेळी विचारत असे, आणि फोनवरच्या माणसालाही उत्तर देण्याआधी कुणाला तरी विचारावे लागे.

आमच्यापुढे आता दोन वाटा होत्या. सीडीसीच्या आदेशात बरे झालेल्या प्रवाशांसाठी वेगळी तरतूद होती. प्रवासाआधीच्या ९० दिवसांतल्या नमुन्याचा पॉझिटिव्ह अहवाल आणि परवानाधारक डॉक्टरांचे प्रवासास हरकत नसल्याचे पत्र असे दोन्ही जवळ असेल तर निगेटिव्ह चाचणीची गरज नव्हती. पत्र डॉक्टरांच्या छापील कागदावर, त्यांचे नाव, पत्ता, फोन क्रमांक, सही आणि तारखेसह असले पाहिजे, असेही नमूद होते. आईचा ऑक्टोबरचा अहवाल या मुदतीत बसत होता. याच गोष्टीला युरोपीय संघाच्या १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या डिजिटल कोविड प्रमाणपत्रात वेगळी मुदत होती. तिथे बरे झाल्याचे प्रमाणपत्र पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीनंतर अकराव्या दिवसापासून १८० दिवसांपर्यंत ग्राह्य धरले जाई. एका ठिकाणी ९०, दुसऱ्या ठिकाणी १८०. ‘कोविड होऊन गेला आहे’ हे वाक्य तेच, पण देश बदलला की त्याची मुदत बदलत असे, हे आईलाही समजावून सांगावे लागले.

दुसरी वाट अँटिजेन चाचणीची होती, आणि आईसाठी तीच जास्त योग्य होती, असे डॉक्टरांचे मत पडले. अवशेषरूप आरएनए पीसीआरला सापडत राहतो, पण अँटिजेन चाचणीला विषाणूचे प्रथिन बऱ्यापैकी प्रमाणात लागते, त्यामुळे बरे होऊन अनेक आठवडे झालेल्या माणसाची अँटिजेन चाचणी बहुधा निगेटिव्ह येते. जी गोष्ट एरवी या चाचणीची उणीव म्हणून सांगितली जाते, तीच आईच्या बाबतीत उपयोगाची होती. शिवाय एका दिवसाच्या मुदतीत आरटी-पीसीआरचा अहवाल हाती पडेल याची हमी कुणी देत नव्हते. शेवटी आम्ही दोघींची अँटिजेन चाचणी करायचे आणि आईचे पत्र व जुना अहवाल सोबत ठेवायचे ठरवले.

मग दिवसाचा हिशेब आला. आदेशात २४ तास असे नव्हते, एक दिवस असे होते, आणि तो कॅलेंडरचा दिवस धरायचा होता. विमान शुक्रवारी दुपारी एक वाजता सुटत असेल तर गुरुवारी सकाळी, दुपारी किंवा रात्री केव्हाही घेतलेला नमुना चालत असे. ही प्रवाशाच्या सोयीची गोष्ट होती, कारण विमानाला उशीर झाला म्हणून काही तासांवरून अहवाल बाद होत नसे. परंतु आमचे विमान मध्यरात्रीनंतर सुटणारे होते. घरात सगळे त्याला ‘शुक्रवारी रात्रीचे विमान’ म्हणत होते, तिकिटावर मात्र तारीख शनिवारची होती. शुक्रवारचे विमान समजून गुरुवारी चाचणी केली असती, तर नियमानुसार ती दोन दिवसांपूर्वीची ठरली असती. आई म्हणाली, “अगं, रात्रीचं विमान म्हणजे त्याच दिवसाचं नाही का?” मी तिकीट तिच्यापुढे ठेवले, आणि शुक्रवारची सकाळ ठरली. ज्या देशांचे नियम तासांत होते, तिथे हाच हिशेब वेगळा करावा लागे: ७२ तास कधीपासून मोजायचे, नमुना दिल्यापासून की अहवाल मिळाल्यापासून, आणि कुठवर, पहिले विमान सुटेपर्यंत की उतरेपर्यंत, हे नियमाच्या वाक्यात शोधावे लागे. मी वाचलेल्या बहुतेक नियमांत घड्याळ नमुना घेतल्यापासून सुरू होत होते.

नमुना घेणारी मुलगी तरुण होती आणि तिचा हात हलका होता. तिने आधी पासपोर्ट मागितला आणि त्यातले नाव अक्षर-अक्षर लावून संगणकात भरले. “काकू, मान थोडी मागे टाका, डोळे मिटलेत तरी चालेल,” असे म्हणत तिने बारीक काडी आईच्या नाकपुडीतून सरळ मागे नेली, कपाळाच्या दिशेने वर नाही, आणि तिथे काही क्षण हलकेच फिरवली. आईच्या डोळ्यांतून पाणी आले. ती काडी तिने छोट्या नळीतल्या द्रवात घोळवली, नळीच्या कडेला दाबून पिळून काढली आणि त्या द्रवाचे काही थेंब पट्टीच्या खाचेत टाकले. ओल पट्टीवरून हळूहळू पुढे सरकताना दिसत होती. आधी ‘सी’ या अक्षरासमोर जांभळट रेघ उमटली. ती नियंत्रणाची रेघ, पट्टीने आपले काम नीट केले हे सांगणारी. ती उमटली नाही तर ‘टी’ समोर काहीही दिसो वा न दिसो, चाचणी बाद धरतात. ‘टी’ समोर फिकट का होईना पण रेघ ठरलेल्या वेळेत आली तर ती पॉझिटिव्ह, आणि ठरलेली वेळ उलटून गेल्यावर दिसणाऱ्या रेघेवर विसंबायचे नाही, असे तिने सांगितले. आईच्या पट्टीवर ‘टी’ समोरची जागा पांढरी राहिली. माझ्याही.

पीसीआरच्या अहवालातही असेच नियंत्रण असते, फक्त ते आपल्याला दिसत नाही. बऱ्याच संचांत नमुन्यातल्या मानवी पेशींचे एक जनुक मुद्दाम शोधतात. तेच सापडले नाही, तर काडीवर नमुना आलाच नाही किंवा पुढे काही बिघडले, असे समजून ‘इनव्हॅलिड’ लिहितात. विषाणूच्या जनुकांपैकी एकच सापडले, दुसरे नाही, अशा वेळी काही प्रयोगशाळा ‘इनकन्क्लुझिव्ह’ लिहितात. हे दोन्ही शब्द निगेटिव्ह नव्हेत. अशा अहवालावर विमानात बसता येत नसे आणि नमुना पुन्हा द्यावा लागे. याउलट ‘नॉट डिटेक्टेड’ म्हणजे निगेटिव्हच. आईच्या एका मैत्रिणीने अहवालावर निगेटिव्ह हा शब्द नाही म्हणून घाबरून मला फोन केला होता.

अँटिजेन चाचणीचा निष्कर्ष मनाने कितपत मानायचा, हा प्रश्न मात्र मला सोडवत नव्हता, म्हणून मी त्याचा हिशेब मांडून पाहिला. ब्रिटनने प्रवासासाठी चालणाऱ्या चाचण्यांना एक किमान पात्रता लावली होती: विषाणूचे प्रमाण मिलिलिटरला एक लाख प्रतींहून अधिक असताना संवेदनक्षमता किमान ८० टक्के, आणि विशिष्टता किमान ९७ टक्के. संवेदनक्षमता म्हणजे बाधित माणसांपैकी किती जणांना चाचणी पकडते, आणि विशिष्टता म्हणजे बाधित नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह ठरवते. समजा लक्षणे नसलेल्या १०,००० प्रवाशांपैकी १०० जण बाधित आहेत. ८० टक्क्यांच्या हिशेबाने त्यांतले ८० पकडले जातील आणि २० निसटतील. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी ३ टक्के, म्हणजे २९७ जण, विनाकारण पॉझिटिव्ह ठरतील. एकूण ३७७ पॉझिटिव्ह, आणि त्यांत खरे बाधित अवघे ८०. म्हणूनच लक्षणे नसलेल्या प्रवाशाची अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली, तर पीसीआरने खात्री करून घ्यायला सांगतात. प्रत्यक्षात अनेक संचांची विशिष्टता ९९ टक्क्यांच्याही वर असते आणि मग हे चित्र पुष्कळ सुधारते, पण हा हिशेब एकदा हाताने करून पाहिल्यावर टक्केवारी म्हणजे काय ते मला खऱ्या अर्थाने कळले. निसटलेल्या त्या २० जणांचाही विचार मनातून जात नव्हता, म्हणून संपूर्ण प्रवासात आम्ही दोघींनी मास्क जेवणापुरताच खाली घेतला.

अहवाल दुपारी आला आणि त्यात एक गोष्ट राहिली होती. अहवाल तयार झाल्याची तारीख आणि वेळ ठळक छापली होती, परंतु नमुना घेतल्याच्या तारखेची जागा कोरी होती. सीडीसीने अहवालात पाच गोष्टी मागितल्या होत्या: चाचणीचा प्रकार, चाचणी करणाऱ्या संस्थेचे नाव व संपर्क, नमुना घेतल्याची तारीख, निष्कर्ष, आणि प्रवाशाची ओळख पटवणारे पूर्ण नाव व आणखी किमान एक तपशील, उदाहरणार्थ जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक. त्यांतली नेमकी तिसरी गोष्ट कागदावर नव्हती. मी लगेच प्रयोगशाळेला कळवले. त्यांनी कुरकूर न करता दुरुस्त अहवाल पाठवला, पण ही उणीव विमानतळावर लक्षात आली असती तर रात्री फोन उचलायला तिथे कुणी नव्हते. अहवाल आला की आधी निष्कर्षाकडे डोळे जातात, हे स्वाभाविक आहे. तरी निष्कर्ष पाहून झाल्यावर तो कागद नियमाच्या शेजारी ठेवून ओळीने वाचावा, असे मी त्यानंतर प्रत्येकाला सांगत आले आहे.

विमानतळावर विमान कंपनीच्या बाईंनी आईच्या अहवालावर बोट ठेवत चाचणीचा प्रकार, तारीख, पासपोर्ट क्रमांक या क्रमाने पाहिले, स्वयंघोषणापत्र घेतले आणि बोर्डिंग पास दिले. डॉक्टरांचे पत्र पिशवीतच राहिले.

परतीच्या वेळी प्रश्न उलटा होता. भारतात येणाऱ्यांना तेव्हा एअर सुविधा या संकेतस्थळावर प्रवासाआधीच्या ७२ तासांतला आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह अहवाल चढवावा लागत होता आणि अँटिजेन चालत नव्हती. जाताना ज्या चाचणीने काम झाले, ती येताना निरुपयोगी होती. आईच्या नाकात विषाणूचे अवशेष अजून सापडले तर काय, ही चिंता होतीच, म्हणून आम्ही तिकिटाची तारीख होता होईतो पुढची घेतली होती. मुदत पूर्ण वापरता यावी आणि तरीही अहवालाला उशीर झाल्यास दुसरा नमुना देता यावा, असा मधला दिवस चाचणीसाठी निवडला. अहवालावर ‘नॉट डिटेक्टेड’ आले आणि या वेळी नमुन्याची तारीख व वेळ दोन्ही छापलेले होते. पुढे १४ फेब्रुवारी २०२२ पासून अनेक देशांतून येणाऱ्यांना भारताने आरटी-पीसीआरऐवजी पूर्ण लसीकरणाचे प्रमाणपत्र चालवून घेतले, १२ जून २०२२ रोजी अमेरिकेने आपली चाचणीची अट उठवली, आणि त्याच वर्षी २२ नोव्हेंबरपासून एअर सुविधाचे घोषणापत्रही बंद झाले.

पण १ जानेवारी २०२३ पासून चीन, हाँगकाँग, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंड इथून येणाऱ्यांना भारताने पुन्हा ७२ तासांतली आरटी-पीसीआर मागितली. माझा मामेभाऊ तेव्हा सिंगापूरहून येणार होता. “ताई, रॅपिड करून घेऊ का?” असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला आधी नियमातले चाचणीचे नाव वाचायला लावले. दोन दिवसांनी त्याने अहवालाचा फोटो पाठवला. आम्ही फोनवर मिळून चाचणीचा प्रकार, नमुन्याची वेळ, विमान सुटण्याची वेळ आणि पासपोर्टचा क्रमांक पडताळून पाहिला. सगळे जुळत होते आणि हाती चौदा तास शिल्लक होते.